बाळंतिणीला काकडी

आईचं तिकीट काढून झालं होतं, पण तिचा पाय मोडला आणि आयर्लंडमधल्या नावन गावात माझं बाळंतपण माझं मलाच करावं लागलं. तिनं पार्सलनं डिंकाचे लाडू पाठवले. ते मी रोज अर्धा अर्धा करून, रुसत रुसत खायची. मी मुळातच चिडकी. जणू तिनं मुद्दाम पाय मोडून घेतला होता!

नवरा ऑफिसला गेला की दुपार कधी व्हायची, कळायचंच नाही. खिडकीत पांढुरकं धुकं, कुशीत बाळाचा ऊबदार श्वास. झोप आणि जाग यांच्या मधे मी कुठेतरी तरंगत असायची. नर्स घरी येऊन "सगळं ग्रँड ना?" विचारून जायची, मीही "ग्रँड" म्हणायची. कसलं ग्रँड!

अशाच एका दुपारी शेजारची चिनी मावशी डबा घेऊन आली. "सी कुकुंबर," म्हणाली. तिच्याकडे बाळंतिणीला हेच देतात म्हणे. वाळवलेलं असतं; पाच दिवस रोज पाणी बदलून तिनं ते भिजवलं होतं. मला वाटलं, समुद्रातली काहीतरी भाजी. आल्याचा गरम वास येत होता. मऊ, गुळगुळीत, चव फारशी नाहीच. अर्धा डबा संपल्यावर चमच्यात काळे, लिबलिबीत काटे दिसले.

"हे उगवतं कुठं?" मी विचारलं.

मावशी हसली आणि तिनं दुलईवरून आपला पंजा हळूहळू सरकवत नेला.

अगं बाई! जन्मात अंडं न खाल्लेली मी, आणि पोटात समुद्रातला जीव! मला रडूच आलं. पण किळस आली म्हणून नाही. पाच दिवस कुणीतरी माझ्यासाठी पाणी बदलत होतं, म्हणून.

मावशी बाळाला घेऊन खिडकीशी गेली, तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला.

"काय खाल्लंस?"

जीभ अडखळली. "काकडी."

"बाळंतिणीला काकडी? अक्कल गहाण ठेवलीस का? थंड असते ती! बाळाला सर्दी होईल!"

"मग यायचं होतंस ना तू!" मी खेकसले.

"मला काय यायचं नव्हतं?" आई म्हणाली आणि तिचे डोळे भरले. मला कसंतरीच झालं. मग सगळं खरं सांगून टाकलं: काकडी नव्हे, प्राणी; पाच दिवस; रोजचं पाणी.

वाटलं, आता माझं काही खरं नाही. आईनं पदरानं तोंड पुसलं.

"गरम होतं ना?"

"हो."

"मग संपव उरलेलं. आणि तिचा डबा रिकामा परत देऊ नकोस."

लाडू दोनच उरले होते. मी डबा धुतला, दोन्ही त्यात ठेवले आणि मावशीच्या हातात दिला.