ओट्यापर्यंत न पोचणारं एकमत

छपाईच्या शाईचा वास आला की मला विश्रांतवाडीतली आमच्या गटाची ती खोली आठवते, जिथे आम्ही पत्रकं छापायचो: रॉकेलमध्ये भिजलेली चिंधी, ओले कागद आणि त्यांवर तरंगणारी आल्याच्या चहाची वाफ.

आम्ही अराज्यवादी, कुठलीच राज्यसत्ता नको म्हणणारे. आमच्यात अध्यक्ष नव्हता, मतदान नव्हतं. कुणी हरकत घेतली नाही की एकमत झालं, एवढाच रिवाज. चर्चा संपत आली की एक निवृत्त प्राध्यापक सगळ्यांवरून नजर फिरवत आणि “म्हणजे एकमत” म्हणत. ती नजर आतल्या स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत पोचत नसे. आम्ही तिघी बायका बहुधा ओट्याशीच असायचो.

त्या रविवारी प्रश्न खोलीचाच होता. आम्हा तिघींतली एक लोकांकडे घरकाम करणारी. तिच्या सोबतिणींची संघटना नुकती रुजत होती, पण दुपारी बसायला जागा नव्हती. पुलाखाली उभ्या-उभ्याच त्या बोलत. म्हणून तिने ही खोली मागितली होती. बाहेर मात्र ठरत होतं, की दुपारी इथे ग्रंथालय असावं. आधी विचार पक्का व्हावा, बाकीचं नंतर. चहा गाळता गाळताच “म्हणजे एकमत” कानावर आलं. तिच्या हातातली गाळणी तशीच थांबली.

बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या ताई पदराला हात पुसत बाहेर गेल्या.

“अहो सर, राज्य नको म्हणता, ते ठीकच. पण ओट्याशी गप्प असलेली बाई ‘हो’ म्हणाली, असं आपण कुठल्या राज्याच्या कायद्याने धरता?”

कुणीतरी चहाचं विचारलं. तो ज्याने त्याने ओतून घ्यावा, असं ताईंनी सांगितलं. मग ठरलं, की यापुढे प्रत्येकाने आपल्या तोंडाने बोलायचं. माझी पाळी आली. माझ्या कवितांत मी मौनाचे फार लाड केले होते. ते असं आयतं दुसऱ्याच्या पारड्यात पडतं, हे तेव्हा दिसलं. ग्रंथालयाला मी “नाही” म्हणाले. आवाज कापरा होता, पण माझा होता. माझ्यामागून आणखी काही ‘नाही’ आले. सर पुस्तकांची खोकी भिंतीकडे सरकवायला स्वतःच उठले.

मंगळवारी दुपारी संघटनेच्या बायका तिथे जमल्या, तेव्हा मी मदतीला म्हणून गेले. खोलीत साबणाचा वास होता, बांगड्यांची किणकिण होती, एकमेकींना तोडत चाललेलं बोलणं होतं. नकळत मी सगळ्यांना दिसेल अशा, मधल्या जागी बसले. कडेवर मूल घेतलेली एक अनोळखी बाई आत आली. तिने एकदा सगळीकडे पाहिलं आणि मला म्हणाली, “सरका.”