रिकाम्या पेटीचा राखणदार

हा माझा पाठचा भाऊ. सख्खा. एकाच आईच्या हातचा मार खाल्लेला. आज लोक त्याला संग्रहालयामुळे ओळखतात, पण त्याला सायकल शिकवली मी, पोहायला ढकलला मी आणि कॉलेजात घातला तोही मीच. मी स्वतः सातवी. पुढे शाळेला मी झेपलो नाही. पण माझा आवाज तीन गल्ल्या ओलांडून जातो, आणि गावात एवढं पुरतं.

गावात त्याला सगळे 'काटा' म्हणतात. आमचं खिळे, स्क्रू, कुलपं, कड्या असं दुकान आहे. लहानपणी तो तराजूवर बसला की काटा बरोबर मध्ये येईपर्यंत गिऱ्हाईक उभं. एक खिळा जास्त झाला तर काढून घ्यायचा, कमी पडला तर टाकायचा, आणि अर्धा खिळा मिळत नाही म्हणून हळहळायचा. वडील म्हणाले, "हा दुकान बुडवणार. याला सरकारी नोकरीत टाका, तिथे बुडवायला काही नसतं." म्हणून तो संग्रहालयात गेला.

संग्रहालय म्हणजे पाणी खात्याच्या ऑफिसवरच्या दोन खोल्या. रखवालदार काटा, झाडणारा काटा, तिकीट फाडणारा काटा आणि माहिती सांगणारा काटा. बघायला काय, तर पेंढा भरलेली मगर, तिला एक डोळा नाही. गावातला पहिला नळ. एका माजी नगराध्यक्षांची काठी, आणि त्यांचंच तैलचित्र, त्यात ती काठी नाही. आणि मधोमध काचेची मोठी पेटी. आत निळी मखमल, पितळी पाटी: 'आपल्या गावात सापडलेली प्राचीन नाणी'. पेटी रिकामी. उद्घाटन उरकून घेतलं होतं, नाणी मागाहून सापडतील असं ठरलं होतं.

सापडली नाहीत. काटा रोज ती काच पुसायचा. मी एकदा म्हणालो, "अरे, आत काही नाही, पुसतोस काय?"

"दादा, आत काही नाही हे तरी स्वच्छ दिसू दे."

आता आमच्या आजूबाजूला बघा. नदीपल्याडच्या गावात राजाची टांकसाळ होती. तिथे माणसानं नळासाठी खणलं तरी नाण्यांचा गडू लागतो. खिंडीतल्या गावावरून फौजा जायच्या. लोक चुलीखाली पैसे पुरून पळायचे, निम्मे परत यायचेच नाहीत. त्यामुळे तिथे स्वयंपाकघर दुरुस्त करायला काढलं की पोलीस बोलवावे लागतात. उताराच्या घाटावर होड्या लागायच्या, तिथल्या चिखलात अजून नाणी मिळतात, घाईत लोकांच्या कमरेची सुटलेली. आणि आमच्या गावात? काहीच नाही. एकदा मोठ्या आशेनं विहिरीचा गाळ काढला, तर माझ्याच दुकानातली कडी निघाली.

याचं कारण काट्यानं भर सभेत सांगितलं. सभा भरली होती, कारण वरून हुकूम आला होता. ज्या संग्रहालयात जुनी वस्तू नाही ते बंद. खोल्या पाणी खात्याला, मीटर ठेवायला. आणि काट्याची बदली धरणावर, मीटर वाचायला. पाणी खात्याचा साहेब टेप घेऊन येऊन खोली मोजूनही गेला. मगर कुठे हलवायची, तेवढा प्रश्न राहिला होता.

काटा उठून म्हणाला, "इथे नाणी निघणार नाहीत. ते राजे होते तेव्हा इथे दलदल होती. गाव नव्हतंच. इथे ना कोणी राहत होतं, ना कोणी चालून आलं."

नगराध्यक्षांचा चेहरा उतरला. "म्हणजे आमच्यावर चढाई करावी एवढीही आमची लायकी नव्हती?"

"दलदलीवर कोण चढाई करेल, साहेब? घोडे रुततात."

"अहो, आमचं घराणं सात पिढ्या इथलं!"

"आमचं नऊ," न्हावी म्हणाला.

इस्त्रीवाला म्हणाला, "आम्ही तर दलदलीच्याही आधीचे."

मीही गप्प बसणाऱ्यातला नाही. माझ्या दुकानावर पाटीच आहे: 'मूळ रहिवाशांचं जुनं दुकान'. मी उठून तिची सगळ्यांना आठवण करून दिली. काटा माझ्याकडे बघून चष्मा पुसायला लागला. त्याला काही पटलं नाही की तो चष्मा पुसतो.

शेवटी ठरलं की शाळेमागच्या मैदानात खणायचं. वरून तपासनीस बाई येतील, त्यांच्यासमोर. नगराध्यक्ष हात जोडून म्हणाले, "एखादं जरी निघालं ना, तरी गावाची अब्रू राहील. आणि या आपल्या काट्याची नोकरीसुद्धा." सभेतले सगळे एकदम छताकडे बघायला लागले. मला वाटलं, पाल असेल.

कमरेइतका खड्डा आधी मजुरांकडून खणून घेतला आणि वर ताडपत्री टाकली. तळ बाईंसमोर उकरायचा होता. राखण अर्थात काट्याची. तो दिवसभर खुर्ची टाकून बसायचा. फक्त दुपारी जेवायला घरी यायचा आणि जेवल्यावर डाव्या कुशीवर जरा पडायचा. ही वामकुक्षी त्यानं कधी चुकवलेली नाही. लग्नातसुद्धा पंगत उठल्यावर मांडवातच आडवा झाला होता, स्वतःच्या. त्यामुळे दुपारी खड्ड्यावर कोणी नसतं हे पोराटोरांनाही ठाऊक होतं.

त्या दिवसांत माझं दुकान दुपारी ओस पडायचं. आईसुद्धा जेवणं झाली की म्हणायची, "मी जरा पाय मोकळे करून येते." गुडघे धरून जिना उतरणारी बाई रोज भर उन्हात पाय मोकळे करते, यात मला काही खटकलं नाही. मी हिशोबाचा माणूस, घरातल्यांवर संशय घेत नाही.

बाई आल्या. उंच, सुती साडी, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. सगळा गाव खड्ड्याभोवती. मजुरानं कुदळ घातली, आणि दुसऱ्याच घावाला टण्ण!

टाळ्या पडल्या. नगराध्यक्षांनी पुढाऱ्यासारखा हात वर केला. बाईंनी माती पुसली. चांदीचं, वर घोडा.

परत कुदळ. दुसरं निघालं, त्यावर जहाज. आमच्यापासून समुद्र इतका लांब की गावातल्या निम्म्या लोकांचा तो आहे यावर विश्वास नाही. तिसऱ्याला मधोमध चौकोनी भोक. चौथ्यावर दाढीवाला राजा, पाचव्यावर बिनदाढीचा. मग एकदम तीन. टाळ्या हळूहळू विरळ झाल्या. जो तो शेजाऱ्याकडे बघायला लागला. मग एक रुमाल निघाला. त्याच्या घडीत नाणं. रुमालाला कडक इस्त्री.

इस्त्रीवाला मागच्या मागे सरकत होता. त्याच्या बायकोनं त्याला दंडाला धरला. "आता उभे राहा. रुमाल कशाला हो? नुसतं टाकायचं ना!"

"मातीत खराब झालं असतं," तो पुटपुटला.

शेवटी जे निघालं ते मी लांबूनच ओळखलं. तांब्याचं, झिजलेलं, आणि वर कडी झाळलेली, दोऱ्यात ओवायला. ती कडी आमच्या दुकानातली. वडिलांनी स्वतः झाळली होती. ते नाणं आईच्या ट्रंकेत तळाला असायचं.

मी आईकडे बघितलं. ती आकाशाकडे बघत होती.

बाई भिंग खाली ठेवून म्हणाल्या, "हे राजे एकमेकांपासून शेकडो कोस आणि शेकडो वर्षं लांब. सगळे एका खड्ड्यात कसे?"

नगराध्यक्ष म्हणाले, "आमच्याकडे सगळे यायचे, बाई. गाव फार माणूसवेडं."

बाई हसल्या नाहीत. त्या काट्याकडे वळल्या. "राखण तुमची होती. तुम्ही सांगा. ही नाणी या जमिनीतली आहेत का?"

आता बघा. नुसती मान हलवली असती की पेटी भरली होती, नोकरी टिकली होती, नगराध्यक्ष सत्कार करायला तयार होते. मी बाईंच्या मागे उभं राहून दोन्ही हातांनी 'हो म्हण, हो म्हण' अशा खुणा करत होतो. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि चष्मा काढून पुसला. मी ओळखलं, मेला.

"नाही, बाई. माती सैल आहे. या आठवड्यात टाकलीत. एकाला तांदळाचा दाणा चिकटलाय. आणि रुमाल तर तुम्ही बघितलाच."

"मग कोणाची?"

सगळ्यांनी मान वर करून आकाश बघायला घेतलं. मीसुद्धा.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "उद्या दुपारपर्यंत मी संग्रहालयात आहे. ज्याचं असेल त्यानं यावं, आपल्याकडे कुठून आलं ते खरं सांगावं आणि घेऊन जावं. कोणी नाही आलं तर नाणी सरकारजमा आणि खोल्या पाणी खात्याला."

पेच लक्षात आला का तुमच्या? नाणं परत पाहिजे तर बाहेरून आलं हे सांगायचं. आणि नाणं बाहेरून आलं तर माणूस कुठून आला? सात पिढ्या, नऊ पिढ्या, सगळंच वाहून गेलं. घरी येताना रस्त्यात कोणी कोणाशी बोललं नाही. एरवी आमच्या गावात हे मयताच्या वेळीसुद्धा जमत नाही.

घरी मी आईला धारेवर धरलं. "अगं, असं कसं केलंस? लोक काय म्हणतील?"

"लोकांनीही तेच केलंय. धाकट्याला त्या धरणावर जेवल्यावर कोण पडू देणार होतं? तू?"

"पण ते नाणं आपल्याकडे कुठून आलं? आपण तर मूळचे इथले!"

आई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. "अरे बाबा, तुझी पणजी डोंगरापलीकडून चालत आली. तिकडचं राज्य मोडलं, घरं जळली. ते नाणं तिनं अंबाड्यात खोवून आणलं. इथे दलदल बुजवून जमिनीचे तुकडे वाटत होते. हुकूम असा की तुकडा फक्त इथल्या माणसालाच. आता इथे माणूस होताच कुठे? मग जो आला तो म्हणाला, आम्ही इथलेच. तुझी पणजीही म्हणाली. मग मुलांना तेच सांगितलं, म्हणजे चौकशीत चुकायला नको. तुझे वडील तर ते खरंच धरून बसले. आणि तू पाटी लावलीस."

काटा कोपऱ्यात बसून ऐकत होता. मी म्हणालो, "तुला माहीत होतं?"

"दलदलीत कोणी मूळचं नसतं, दादा. बेडूक सोडून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सभेत सांगितलं होतं. तू पाटीबद्दल बोलत होतास."

धाकटा भाऊ एवढं बोलला तरी मी ऐकून घेतलं. माझ्यासारखा मोठा भाऊ मिळायला नशीब लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई सगळ्यांच्या आधी तयार. मी तिचा हात धरून संग्रहालयाचा जिना चढलो. वाटलं होतं, आपण दोघंच असू. तर वर दाराशी रांग! न्हावी, इस्त्रीवाला आणि त्याची बायको, आणि सगळ्यांत मागे तोंडावर उपरणं घेतलेले नगराध्यक्ष. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मगर तेवढी एका डोळ्यानं सगळ्यांकडे बघत होती.

"आधी कोण?" बाईंनी विचारलं.

सगळे आपापल्या चपला बघायला लागले. मग मीच पुढे झालो. म्हटलं, इथे आवाजाचा माणूस पाहिजे. पणजीची सगळी गोष्ट सांगितली, डोंगर, आग, अंबाडा, सगळं. खालच्या पाणी खात्यातले लोकसुद्धा जिन्यात येऊन ऐकायला लागले. काट्यानं शब्द न् शब्द चिठ्ठीवर लिहून घेतला आणि विचारलं, "नाणं नेणार की इथे ठेवणार?"

आई म्हणाली, "ठेव तुझ्या पेटीत. ट्रंकेत काय, मलाच दिसत होतं."

एवढं झालं आणि बाकीच्यांची जीभ सुटली. न्हाव्याचे लोक दोन नद्या ओलांडून आले होते. "दोनच?" इस्त्रीवाला म्हणाला, "आमचे वाळवंटातून आले. पाण्याशिवाय!" नगराध्यक्षांनी उपरणं बाजूला केलं. "वाळवंटाचं काय सांगतोस? आमचं जहाज फुटलं होतं. फळीवर तरंगत आले आजोबा!" कालपर्यंत मुळं किती खोल यावरून भांडत होते, आता पाय किती झिजले यावरून जुंपली. मी स्पष्ट सांगितलं, अंबाड्यात नाणं खोवून डोंगर चढायचा म्हणजे सगळ्यांत अवघड, उगाच वाद घालू नका.

काट्यानं पितळी पाटीवरचं 'आपल्या गावात सापडलेली' खोडलं आणि कागद चिकटवला: 'आपल्या गावात चालत आलेली'. बाईंनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "अशी पेटी टांकसाळीच्या गावातही नाही. खोल्या राहू द्या." काटा भरलेल्या पेटीची काच पुसायला लागला.

तेवढ्यात गर्दीतून पाणी खात्याचा साहेब पुढे आला. हातात टेप. मला वाटलं, परत मोजायला आला. त्यानं टेप खिशात घातला, काचेवरूनच चौकोनी भोकाच्या नाण्यावर हळूच बोट ठेवलं आणि काट्याच्या कानाशी लागून म्हणाला, "भाऊ, माझ्या आजीचं आहे. मधली जागा देता का?"