आप्पा पुन्हा पहिलीत

दुकान मुलाच्या हातात दिल्यावर माझ्या सासऱ्यांना, आप्पांना, दिवस मोठा वाटू लागला. बीडमध्ये नुकतंच केबल आलं होतं. आप्पा सकाळपासून टीव्हीपुढं बसत आणि एकच गोष्ट मला तीन-तीनदा विचारत.

एके दिवशी मांजरसुंब्याकडचा एक शेतकरी जुना कागद घेऊन आला. विहिरीच्या पाण्याच्या वाटणीचा, निजामाच्या काळातला, सगळा उर्दूत. आप्पा चौथीपर्यंत उर्दूत शिकलेले, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. आप्पांनी कागद जवळ धरला, लांब धरला.

"गुरुवारी या," ते म्हणाले. "आज डोळे दुखायलेत."

तो गेल्यावर मला म्हणाले, "डोळ्याला काय झालं न्हाई. एक अक्षर वळखू आलं न्हाई मला. कावून असं झालं असंल?"

"पन्नास वर्षं झाली, आप्पा. मधी कवा वाचलंय तुमी?"

दुपारी ते एकटेच उर्दू शाळेत गेले आणि तिथल्या मास्तरांकडून पहिलीचं पुस्तक मागून आणलं. मग ओट्यावर पाटी घेऊन बसले. जीम, चे, हे, खे. अक्षरांचा आकार तोच, फरक फक्त नुक्त्यांचा, म्हणजे टिंबांचा. पुसून पुसून पाटी ओली राहायची. टीव्ही बंदच असायचा. शेजारच्यांनी थट्टा केली तर म्हणायचे, "परीक्षा हाय गुरुवारी."

त्या परीक्षेत ते नापास झाले. शेतकऱ्याला चहा पाजून त्यांनी या वेळी खरं सांगितलं, "छापील येतंय, हातानं लिहिलेलं अजून न्हाई. आठ दिवस द्या."

पुढच्या गुरुवारी मास्तरही येऊन बसले. आप्पांनी ओळीखाली बोट धरून कागद वाचला. दोनदा अडले, तेव्हा मास्तरांनी शब्द सांगितला. आठवड्यातले दोन दिवस पाणी या शेतकऱ्याच्या घराण्याकडं, असा मजकूर निघाला.

"आमचा आजा ह्येच सांगायचा," तो म्हणाला आणि कागद नीट घडी करून खिशात ठेवला.

बातमी पसरली. लोक आजोबा-पणजोबांचे कागद घेऊन येऊ लागले. चष्मा कुठं ठेवला हे आप्पा अजूनही विसरत, पण कुणाच्या कागदात काय होतं ते महिन्यांनंतरही सांगत.

त्यांचं बघून मीही शिकायला बसले. मी काढलेला 'ऐन' हे अक्षर त्यांनी बराच वेळ न्याहाळलं.

"पोट लई सुटलंय याचं," म्हणाले. "पुन्हा काढ."

मी पाटी पुसली.