रायफलसाठी सासूबाईंची साक्ष

नवरा गेल्यानंतर आठ महिन्यांनी मी रायफल चालवायला लागले. हे मी सहसा कुणाला सांगत नाही, कारण ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर लगेच काहीतरी उमटतं आणि मग मला राग येतो. राग मला लवकर येतो, हेही आधीच सांगून ठेवते.

इथे परदेशात, पामर्स्टन नॉर्थ शहरात, मी गवताच्या बियाण्यांच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथली एक सहकारी एका रविवारी मला तिच्या क्लबच्या रेंजवर घेऊन गेली. कॉलेजात एनसीसीमध्ये पॉइंट टू टू रायफल चालवली होती, तेवढीच माझी पुंजी. चटईवर पालथं पडायचं, दस्ता खांद्यात घट्ट दाबायचा, अर्धा श्वास सोडायचा आणि थांबायचं. त्या थांबलेल्या दहा सेकंदांत डोक्यात काहीही नव्हतं. नवऱ्याच्या ऑफिसातून आलेला तो फोन नव्हता, हॉस्पिटलचा कॉरिडॉर नव्हता. घरी येताना गाडीत ढसाढसा रडले आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेले.

लायसन्स नसलेल्या माणसाला इथे लायसन्सवाल्याच्या थेट देखरेखीखाली नेमबाजी करता येते. माझ्यावर देखरेख करायला एक म्हातारा मिळाला. मेंढ्यांची शेती मुलाला देऊन मोकळा झालेला, पंच्याहत्तरीचा, बोलायला अगदी कंजूष. क्लबात जुन्या लष्करी रायफलींची वेगळी स्पर्धा असायची. दुर्बीण नाही, नळीच्या टोकावरची लोखंडी माशी आणि आपला डोळा, बस्स. मला तेच आवडलं. वर्षभराने मी म्हणाले, "मला स्वतःची थ्री-नॉट-थ्री घ्यायची आहे."

तो म्हणाला, "लायसन्स काढ. तोवर बघायला शिक. बघायला पैसे पडत नाहीत."

मग आम्ही रायफली बघत हिंडलो. मुलगी दाखवायला नेतात तसं नाही, मुलगा बघायला जाणाऱ्या बापासारखं, खोट काढायच्या तयारीने. दुकानातली पहिली रायफल मला फार सुबक वाटली. म्हाताऱ्याने नुसतं नाक फेंदारलं. पुढचं लाकूड कापलेलं होतं. युद्धानंतर इथल्या लोकांनी या रायफली स्वस्तात घेतल्या आणि हरणांच्या शिकारीला हलक्या व्हाव्यात म्हणून कापल्या. कापलेली पुन्हा जोडली तरी स्पर्धेत चालत नाही. दुसरी दिसायला अखंड होती. त्याने बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी बंद करणारा दांडा, काढून हातात दिला आणि त्यावरचा नंबर वाचायला लावला. मग रायफलीच्या अंगावरचा. दोन्ही वेगळे. बोल्ट एकीचा आणि रायफल दुसरीची असेल तर ती दोन्ही एकमेकांत नीट बसतात का, हे कारागिराकडून तपासल्याशिवाय गोळी झाडायची नाही. मग बोल्टच्या जागी पांढरा कागद धरून त्याने मला तोंडाकडून नळीत बघायला सांगितलं. नळीच्या आत कोरलेले पीळ आरशासारखे चकचकीत दिसायला हवेत. मला दिसला काळपट, खड्डे पडलेला बोगदा. जुनी काडतुसं जळून उरलेलं मीठ आत राहून गंज आणतं, ते गरम पाण्याने धुवावं लागतं, आणि कुणीतरी आळशाने ते धुतलं नव्हतं.

तिसरी त्याने क्लबातल्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "दोष काढ."

मी अर्धा तास घेतला. नंबर जुळत होते. नळी थोडी झिजलेली, पण स्वच्छ. दस्त्याच्या मानेपाशी बारीक चीर होती, पितळी खिळ्याने बांधलेली, वर तेल मुरवलेलं. मी चीर दाखवली, नळीच्या तोंडाशी एक बारीक ओरखडा दाखवला, आणि दिसले तेवढे सगळे दोष सुनावले. म्हातारा खूश झाला. रायफल त्याचीच होती. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागले होते आणि त्याला ती द्यायची होती, पण दोष माहीत असलेल्या माणसालाच द्यायची होती. मी घेणार म्हणाले.

आता राहिलं लायसन्स. परीक्षा पास झाले. स्टीलचं कपाट गॅरेजच्या भिंतीत बोल्ट मारून बसवलं. शेवटची पायरी मुलाखतीची होती. इथे अर्ज करणाऱ्याला विचारतातच, पण त्याच्या घरातल्या माणसालाही वेगळं बसवून विचारतात. हिच्या हातात बंदूक दिली तर तुम्हाला भीती वाटेल का, असं. माझ्या घरात माणूस एकच होतं. सासूबाई.

त्या आमच्याकडे नवरा असतानाच रेसिडेन्सीवर, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्यावर, आल्या होत्या. मूल आम्हाला नाही. नवरा गेल्यावर त्या सांगलीला लेकीकडे जातील असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. त्या गेल्या नाहीत, आणि मीही कधी विषय काढला नाही. म्हाताऱ्या सासूला सांभाळणारी सून म्हणून इथल्या मराठी मंडळीत माझं जरा कौतुक व्हायचं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी त्यांना चहा देताना म्हणाले, "आई, फार काही बोलू नका. सगळं छान आहे म्हणायचं."

"बरं," त्या म्हणाल्या.

त्यांनी आणखी काही म्हणावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. आपल्याकडे परक्या माणसासमोर घरातलं कोण बोलतं? लग्नाच्या बैठकीत, बँकेत, डॉक्टरसमोरसुद्धा आपण सगळं छान आहे म्हणतो. मी तेच गृहीत धरलं होतं.

लायसन्स खात्याच्या अधिकारी बाई आल्या, बूट दारात काढून, "किया ओरा" असा इथला नमस्कार करत. दुभाषी म्हणून मी चालणार नव्हते, म्हणून फोनवर एक मराठी गृहस्थ होते, कुठल्या गावातले कोण जाणे. मला बाहेर थांबायला सांगितलं. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत बसले. वारा इतका होता की उशीचा अभ्रा दोनदा कुंपणाला जाऊन चिकटला. वीस मिनिटं लागतील म्हणाल्या होत्या. तासभर झाला. काचेच्या दारातून मला सासूबाईंचे हात दिसत होते. ते हलत होते, थांबत होते, पुन्हा हलत होते.

अधिकारी बाई बाहेर आल्या. फार मऊ आवाजात म्हणाल्या, की आत्ता त्यांना पुढे जाता येणार नाही. माझ्या डॉक्टरांशी बोलावं लागेल. मी अर्ज मागे घ्यावा, समुपदेशन घ्यावं आणि वर्षभराने पुन्हा करावा, हे बरं. त्यांनी कारण सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

नवरा गेल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात, एका दुपारी, मी स्वतःला संपवायला निघाले होते. सासूबाई गॅरेजमध्ये आल्या, माझ्या हाताला धरून मला आत घेऊन गेल्या आणि वरणभात कालवून भरवला. त्यावर आम्ही दोघी कधीही एक शब्द बोललो नव्हतो. मला वाटत होतं, न बोलल्याने ते पुसून गेलं.

बाईंची गाडी वळताच मी आत गेले. "आई, ते सांगितलंत तुम्ही?"

"तिनं विचारलं."

"नाही म्हणायचं! एवढंच तर करायचं होतं. एका परक्या बाईला आणि फोनवरच्या कुणा गड्याला माझी अब्रू..."

"माझा एक गेला," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "दुसरीच्या हातात मी बंदूक देऊ?"

मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पुढचे अकरा दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी भरलेला डबा मी ओट्यावर तसाच ठेवून कामावर जायचे. रोज साडेबाराला त्यांचा फोन यायचा, "जेवलीस का?" मी कट करायचे. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते.

बाराव्या दिवशी सांगलीहून नणंदेचा फोन आला. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती आपल्याच रागात होती. "वहिनी, आता तरी आईला पाठव गं. तिचे गुडघे त्या थंडीत पार गेलेत. दर वेळी म्हणते, हिला एकटीला टाकून कशी येऊ? तुला काय झालंय एकटीला राहायला?"

फोन ठेवून मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले. साडेबाराचा फोन एकही दिवस चुकला नव्हता, तो डब्यासाठी नव्हता. मला उशीर झाला की त्या भर वाऱ्यात लेटरबॉक्सपाशी उभ्या असायच्या, ते फिरण्यासाठी नव्हतं. मी त्यांना सांभाळत नव्हते. पोटचा मुलगा गेला, त्याचं रडूही धड न रडता ही बाई माझ्यावर पहारा देत होती, आणि मी लोकांकडून कौतुक करून घेत होते. मी उठून त्यांच्या खोलीत गेले आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "केस किती रुक्ष झालेत."

त्यानंतर वर्षभर मी डॉक्टरांकडे गेले, समुपदेशन करणाऱ्या बाईंकडे गेले. सुरुवातीला तिथेही सगळं छान आहे म्हणाले. मग हळूहळू खरं बोलायला शिकले. म्हाताऱ्यालाही सगळं सांगितलं. रायफल फडक्यात गुंडाळत तो म्हणाला, "ती माझ्याकडेच राहील. घाई नाही." त्याच्या नजरेखाली मी त्याच रायफलीने नेम धरत राहिले. सासूबाई रविवारी बरोबर यायच्या. कान झाकून, शाल गुंडाळून गाडीत बसायच्या. निशाण कुठे लागलं हे त्यांनी कधी विचारलं नाही. मी चटईवरून उठून वळले की त्या माझ्याकडे बघत असायच्या.

दुसऱ्या मुलाखतीला त्याच अधिकारी बाई आल्या. या वेळी मी सासूबाईंना काहीच शिकवलं नाही. दहा मिनिटांत झालं. तीन आठवड्यांनी लायसन्स कुरियरने आलं. म्हाताऱ्याने रायफल माझ्या नावावर चढवली, बोल्ट वेगळ्या फडक्यात बांधून दिला आणि नळी गरम पाण्याने धुवायची पुन्हा एकदा ताकीद दिली. घरी येऊन मी ती कपाटात ठेवली, काडतुसं दुसऱ्या पेटीत. किल्ली सासूबाईंपुढे धरली. नियमाने ती फक्त माझ्याकडेच हवी, हे मला माहीत होतं. तरी धरली.

"ठेव तुझ्याकडेच," त्या म्हणाल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "आता माझं तिकीट बघ."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी त्या बाईला हो म्हटलं होतं, ते फक्त माझ्या लायसन्ससाठी नव्हतं. त्यांची पहाऱ्याची पाळी संपली होती. मी दोन वर्षं ज्या कागदासाठी धडपडले, त्याच कागदाने त्या मोकळ्या झाल्या.

"आई, मी रायफल उद्या परत देते. तुम्ही जाऊ नका."

"वेडी आहेस का? माझी हाडं सांगलीत पडू देत. लेक वाट बघतेय."

"मला नाही राहता येणार."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, रेंजवर बघायच्या तसं. "मी त्या बाईला सांगितलंय, ही आता बरी आहे म्हणून. मला खोटं पाडू नकोस."

मी लॅपटॉप उघडला आणि तारीख भरली. परतीचं तिकीट हवं का असं विचारलेल्या चौकटीत त्यांनीच माझ्या खांद्यावरून वाकून बोट ठेवलं, नको म्हणून.