लातूर जिल्हा झाला तेव्हा

दुष्काळात चाकूरकडचं गाव सोडून आम्ही लातूरला आलो आणि सरकारी पडीक जमिनीवर पत्र्याची झोपडी घातली. पुढे लातूर जिल्हा झाला. बाजारात पेढे वाटले गेले आणि आमच्या जागेवर साहेब लोकांची घरं बांधायचं ठरलं.

झोपड्या हटवायला आलेल्या कारकुनाला आईनं विचारलं, "आता आमी कुठं जावं?"

"गावाकडं जा, बाई. घरकुल तिथंच मिळतं."

"ते ज्याला जागा हाय त्याला. आमाला गावात हातभर जागा न्हाई, म्हणून तर हितं आलो."

तो पुढच्या झोपडीकडं वळला. आम्ही पत्रे उचलून रेल्वेरुळांपलीकडे गेलो. त्या घरांच्या बांधकामावर आईला विटा वाहायचं काम मिळालं. आमचं पक्कं घर कधी झालंच नाही. ती पत्र्याखालीच वारली.