ऑडिशनमध्ये लेकीनं सांगितलेली गोष्ट

नांदेडला निघालो त्या दिवशी माझ्या जिवाला एकच घोर होता, तो म्हणजे लेकीचा घसा. आदल्या दिवशी आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजारात तिनं मैत्रिणींबरोबर बर्फाचा गोळा खाल्ला होता आणि सकाळपासून ती खाकरत होती. एसटीत खिडकी लावून घेतली, तिच्या गळ्याभोवती माझी ओढणी गुंडाळली आणि मनातल्या मनात म्हटलं, देवा, हिचा आवाज तेवढा मोकळा राहू दे. दुसरं काही मागायचं मला त्या दिवशी सुचलंच नाही.

ती तेव्हा बारावीत होती. टीव्हीवर गाण्यांचा एक कार्यक्रम लागायचा, त्याची ऑडिशन होती. शनिवार-रविवार संध्याकाळी आमचं सगळं घर तो कार्यक्रम बघायचं. शेजारच्या खालाही हातातली भाजी निवडत आमच्या ओसरीवर येऊन बसायच्या. गाणारं पोरगं आपली दुःखाची कहाणी सांगायला लागलं, की खाला आणि मी दोघीही पदर डोळ्यांना लावायचो. रडणाऱ्यांबरोबर रडावं, असं आम्हा ख्रिस्ती माणसांना शिकवलेलंच आहे. पण जाहिरात लागली की आम्ही डोळे पुसून चहा ठेवायला उठायचो, हेही तितकंच खरं.

माझा नवरा वायरमन. गोरेगाव आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवर लाइन गेली, की त्याचा फोन वाजतो. रविवारी आमच्याच पुढच्या खोलीत उपासना भरते. पाळकसाहेब हिंगोलीहून महिन्यातून एकदोनदा येतात, बाकीच्या रविवारी माझा नवराच शास्त्र वाचतो आणि दोन शब्द बोलतो. गाणी मात्र लेकीची. ती खंजिरी घेऊन उभी राहिली, की मागं बसलेल्या म्हाताऱ्याही सरळ होऊन बसायच्या. म्हणून तिनं ऑडिशनचं काढलं, तेव्हा मला वाटलं होतं की हा चिडणार.

तो चिडला नाही. जेवता जेवता म्हणाला, "जाऊ दे तिला. गाणं काही वाईट न्हाई. ते कुणाच्या पायाशी ठेवायचं, ते मात्र तिचं तिला ठरवावं लागंल."

नांदेडला एका कॉलेजच्या हॉलबाहेर लांबच लांब रांग होती. नटूनथटून आलेल्या पोरी, त्यांच्या आया, पाण्याच्या बाटल्या, कोपऱ्यात कुणी सूर लावून बघतंय, कुणी आरशात. आमचा नंबर आला तेव्हा ऊन उतरलं होतं. लेक आत गेली. ती अजून अठराची झालेली नव्हती, म्हणून मलाही आत घेतलं आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर बसवलं.

ती छान गायली. घसा कुठंही अडला नाही. समोर बसलेल्यांनी एकमेकांकडं पाहून माना हलवल्या. मग गळ्यात हेडफोन अडकवलेली एक मुलगी तिला बाजूच्या कॅमेऱ्यासमोर घेऊन गेली. तिथलं सगळं बघायचं काम हिच्याकडंच असावं. बोलायला गोड होती.

"आवाज मस्त आहे तुझा. आता सांग, तुझी स्टोरी काय?"

"मी बारावीला आहे. पप्पा वायरमन आहेत. मी आमच्या उपासनेत गाते."

"ते ठीक आहे गं. पण स्टोरी? घरून विरोध आहे का? काही दुःख, काही संघर्ष? लोक तुझ्याशी जोडले गेले पाहिजेत ना."

 लेक ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली, "मला एक भाऊ होता. लहानपणीच तापानं गेला. पप्पांचा देवावर फार भरवसा. ते प्रार्थना करत बसले, म्हणून त्याला दवाखान्यात न्यायला उशीर झाला."

हेडफोनवाल्या मुलीचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, ते नाटक नव्हतं.  उठून "थांबा" म्हणावं असं वाटलं, पण मी खुर्चीतच बसून राहिले. ते तसं घडलेलंच नव्हतं.

परतीच्या एसटीत गर्दी होती. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "तू हे काय सांगितलंस? कुणी भरवलं तुला?"

"कुणी काहून भरवील? मी होते ना घरात. पप्पा खाटेजवळ गुडघ्यावर बसले होते, त्याच्या कपाळावर हात ठेवून. मला आठवतं."

"पण पुढचं?"

"पुढं मला खालांकडं ठेवलं. आणि मग तो आलाच न्हाई."

तिनं डोकं खिडकीला टेकवलं.  आजूबाजूला माणसं दाटीवाटीनं उभी होती आणि आमच्या पोराचं नाव आम्ही घरातसुद्धा घेत नव्हतो, मग तिथं कसं घेणार? गाडीचा आवाज ऐकत मी एकच विचार करत राहिले: एवढी वर्षं ही पोरगी बापाच्या प्रार्थनेला "आमेन" म्हणत होती, आणि मनात हे घेऊन म्हणत होती.

नवऱ्यानं दारातच विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "गायली चांगली." त्यापुढं धीर झाला नाही. वाटलं, हजारो पोरींमध्ये हिला कोण घेतंय, ते तिथंच विरून जाईल.

विरलं नाही. थोड्याच दिवसांनी फोन आला. लेक पुढच्या फेरीत गेली होती. ती आनंदानं उडीच मारणार होती, तेवढ्यात हेडफोनवाली पुढचं बोलली आणि लेकीनं मोबाइल स्पीकरवर टाकून माझ्याकडं पाहिलं. त्यांची माणसं घरी येणार होती. घर, उपासनेची खोली, भावाचा फोटो, सगळं शूट करायचं होतं. "पप्पांनी आधी थोडं गाण्याच्या विरोधात बोलावं, मग शेवटी तुला जवळ घ्यावं. फार सुंदर होईल."

फोन ठेवल्यावर आम्ही दोघी एकमेकींकडं बघत बसलो. मला भीती एक नव्हती. टीव्हीवर हे लागलं, की गावात काय बोलतील? ख्रिस्त्यांची आमची मोजकीच घरं. तशीही मधूनमधून कुणीतरी विचारतंच, तुमच्यात औषध चालतं का हो, का नुसती प्रार्थनाच? आता त्यांना घरबसल्या उत्तर मिळणार होतं, तेही आमच्याच पोरीच्या तोंडून. पण त्याहून मोठी भीती म्हणजे माझ्या नवऱ्याला हे कळणं. त्याला ते टीव्हीवरून कळू द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो दुपारी जेवायला आला, तेव्हा मी सगळं सांगितलं. लेक कॉलेजात होती. तो भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिला. "आमी प्रार्थना करत बसलो, असं म्हणाली?" एवढंच त्यानं विचारलं. मी मान हलवली. त्यानं ताटातच हात धुतला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. वाऱ्यानं डोंगराकडच्या तांड्याची लाइन तुटली होती. त्यानं पिशवी उचलली, हातमोजे घेतले आणि गाडीला किक मारली.

तो गेला आणि मग माझ्या ध्यानात आलं, मी हे काय केलं. हा माणूस आता खांबावर चढणार आणि डोक्यात हे. त्या दुपारी मी एक काम धड केलं नाही. शिवायला घेतलेला ब्लाउज उलटा जोडला, उसवला, पुन्हा उलटाच जोडला. फोन लावला तर रेंजबाहेर. दर वेळी गाडीचा आवाज आला, की दारात जायचे. खाला भिंतीपलीकडून म्हणाल्या, "काय झालं गं, जीव काहून घाबरा होऊन राहिला?" त्यांना सांगावं तरी काय? "हवा लई सुटली" म्हटलं. प्रार्थनेला बसले तर शब्द सुचेनात. गुडघ्यावर बसलेला माझा नवरा मला दिसायला लागला, लेकीला दिसत होता तसा, आणि मी उठून उभी राहिले.

दिवे लागायच्या वेळी तो आला. कपडे धुळीनं माखलेले, बाकी ठीक. लेक घरी आलेलीच होती. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला कळलं.

तो तिच्यासमोर फरशीवर बसला. "आता मी सांगतो ते ऐक. मधी बोलू नको." मग त्यानं सांगितलं. दोन दिवस ताप होता. गावातल्या डॉक्टरला दाखवलं होतं, औषध चालू होतं. सकाळी पोरगं बसून दूध प्यालं, म्हणून आम्हाला वाटलं, उतरतंय. दुपारी झटके आले. खालांचे मालक जेवणावरून उठले आणि त्यांनी जीप काढली. जीप दाराशी येईस्तोवर तो पोराच्या कपाळावर हात ठेवून गुडघ्यावर बसला होता. लेकीनं पाहिलं ते तेवढंच. पुढं सेनगाव, तिथून हिंगोली, तिथं सलाइन, मेंदूत ताप गेला म्हणाले आणि नांदेडला न्यायला सांगितलं. नांदेड यायच्या आत रस्त्यातच संपलं. माझ्या मांडीवर.

"प्रार्थना तर मी सगळ्या रस्त्यानं करून राहिलो होतो," तो म्हणाला. "पण जीप कुठंच थांबली न्हाई, बेटा. सकाळीच न्यायला पाहिजे होतं का, हे मी पण देवाला विचारतो. आजून उत्तर न्हाई."

लेक रडायला लागली. रडता रडता एकदम तडकली, "मग मला कुणी सांगितलं काहून न्हाई? तुमी दर वर्षी साक्ष देता, तवा काय म्हणता? आमी प्रार्थना केली आणि देवानं लेकराला आपल्याजवळ नेलं. एवढंच म्हणता ना? त्यात जीप कुठं असते?"

  ती खरं बोलत होती. आमच्यात साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं, ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. आम्ही ती सांगताना दर वर्षी थोडी घासत गेलो होतो. दवाखाना गळला, जीप गळली, खालांच्या मालकांचं अर्धं टाकलेलं ताट गळलं, माझी मांडी गळली. उरलं ते ऐकायला बरं आणि सांगायला सोपं. टीव्हीवाली मुलगी लेकीकडं स्टोरी मागत होती, तेव्हा मला तिचा राग आला होता. पण गोष्ट कापून छोटी करायचं काम तिच्या आधी आम्हीच केलं होतं, आणि तेही देवाच्या नावानं. लेकीनं उरलेल्या तुकड्यांवरून आपली समजूत करून घेतली. सहा वर्षांच्या पोरीनं दुसरं काय करावं?

दुसऱ्या दिवशी लेकीनं फोन केला. मी आणि तो बाजूलाच बसलो होतो.

"मॅडम, मी भावाचं जे सांगितलं ते चुकीचं होतं. मला माहीत नव्हतं. ते दाखवू नका, प्लीज. मी गायला येते, पण ते दाखवू नका."

 पलीकडून ती मुलगी म्हणाली, "ओके... पण मग तुझी स्टोरी काय ठेवायची?"

"मला गाता येतं," लेक म्हणाली.

"हो गं, ते तर आहेच. मी वर विचारून कळवते."

तिनं कधीच कळवलं नाही. लेकीनं काही दिवस मोबाइल हातातून सोडला नाही, मग सोडला. तिला वाईट वाटलं, हे मी लपवणार नाही. उपासनेत ती गायची, पण आवाजात जोर नव्हता, आणि ही आता देवावर रुसते की आमच्यावर, या विचारानं मी धास्तावलेली असायची.

त्यानंतरच्या एका रविवारी पाळकसाहेब आले नव्हते. माझा नवरा वाचन संपल्यावर उभा राहिला आणि त्यानं पोराची गोष्ट सांगितली, सगळी. दूध, झटके, जीप, सलाइन, रस्ता. न मिळालेलं उत्तरही सांगितलं. मागची एक म्हातारी अस्वस्थ होऊन म्हणाली, "भाऊ, असं बोलल्यानं लोकांचा इस्वास ढिला व्हतो." तो म्हणाला, "व्हय मावशी, माझा पण होतो कधीकधी. म्हणूनच तुमच्यासमोर सांगून राहिलो."  मी चोरून लेकीकडं पाहिलं. ती बापाकडं एकटक बघत होती.

कार्यक्रम टीव्हीवर सुरू झाला, तेव्हा पहिले काही आठवडे आमच्या घरात तो बघण्यासारखा राहिला नव्हता. तरी आम्ही बघायचो, कारण न बघणं त्याहून अवघड होतं.  एकदा रांगेतल्या पोरींमध्ये तिचा निळा कुडता क्षणभर दिसला आणि मी रिमोट घट्ट धरला. पुढं काही नाही. तिथं आता दुसरीच मुलगी होती, तिची आई वारलेली. ती बोलता बोलता हुंदके द्यायला लागली, परीक्षकही रडले. खालांनी डोळे पुसले.

लेक म्हणाली, "तिला आधी गाऊ द्या की."

ते रेकॉर्डिंग कुठंतरी असेलच. अनोळखी नंबरचा फोन आला, की आजही माझा हात थबकतो. लेक आता हिंगोलीला कॉलेजात आहे, गॅदरिंगमध्ये गाते. नव्या मैत्रिणींना घेऊन घरी आली होती. त्यातल्या एकीनं सहज विचारलं, तू एकटीच का गं? मी आत कणीक मळत होते. बाहेरून लेकीचा आवाज आला, "न्हाई, मला एक भाऊ होता," आणि मग तिनं त्याचं नाव सांगितलं.