खालचा नळ

माझ्या दादाला राग येत नाही. या एका गोष्टीने मला जेवढा मनस्ताप दिलाय, तेवढा माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांनी मिळूनही दिला नसेल. दोघांच्या वाटचा राग लहानपणापासून मीच करत आले. म्हणून तो मला ‘ठिणगी’ म्हणतो.

दादाने एकतीस वर्षं शहराची बस चालवली. चाळीसच्या वर काटा कधी नाही. कोणी आडवं घुसलं की हा ब्रेक दाबून खिडकीतून हात हलवायचा, जा बाबा, तू आधी जा. निवृत्त झाला आणि महिन्याभरात कुठूनतरी एक गंजकी, दोन दारांची, म्हातारी गाडी ओढून घेऊन आला. वहिनीने विचारलं, “हिचं काय करायचंय?” म्हणाला, “शर्यतीत चालवणार.”

वहिनी एवढी हसली की तिला ठसका लागला. दादा तिच्यासाठी पाणी घेऊन आला आणि शांतपणे म्हणाला, “एकतीस वर्षं सगळे मला मागे टाकून गेले गं. एकदा तरी मला कोणाच्या तरी पुढे जायचंय.”

गावाबाहेर जुन्या गाड्यांचा एक ट्रॅक आहे, तिथे वर्षातून दोनदा शर्यत असते. दादा दोन वर्षं त्या गाडीखाली झोपून होता. रेडिएटर मात्र माझ्याकडे आला. माझं दुकान तेच आहे, रेडिएटर दुरुस्तीचं. बावीस वर्षं झाली. सुटे रेडिएटर येतात, मी ते हौदात बुडवते, बुडबुडे कुठून येतात ते बघते आणि गळकी जागा झाळून बुजवते. दादाचा मी नव्यासारखा केला, गाडीत बसवला आणि त्यात पाण्याऐवजी इंजिन थंड ठेवणारं छान हिरवं कूलंट भरलं. थंडीत गोठत नाही, आत गंज धरत नाही, अजून काय पाहिजे माणसाला?

पहिल्याच शर्यतीला दादाला फाटकावरून परत पाठवला.

तिथल्या तपासनिसाने रेडिएटरचं झाकण काढलं, आत बोट बुडवलं, दोन बोटांत चोळून बघितलं आणि म्हणाला, “काका, हे पाणी नाही. इथे फक्त पाणी चालतं.” पाणी सांडलं तर वाळून जातं. कूलंट सांडलं की रस्त्यावर साबण फिरवल्यासारखं होतं आणि मागून येणाऱ्या गाड्या भिरभिरत जातात. नियम बरोबरच होता, पण मी त्या तपासनिसाशी असं भांडले की लोक चहा सोडून बघायला आले. दादा मात्र त्याला म्हणाला, “बरं झालं सांगितलंत.” बरं झालं म्हणे! मला तिथेच डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

तेव्हापासून आमचं एकच भांडण. तो म्हणे पाणी, मी म्हणे कूलंट. मी म्हणायचे, “शर्यतीपुरतं पाणी भर. घरी आलास की काढून टाक, कूलंट भर. थंडीत पाणी गोठलं की फुगतं, लोखंड फोडतं, एवढं तरी कळतं ना तुला?” तो म्हणायचा, “कळतं. पण एकदा कूलंट घातलं की कितीही धुवा, आत थोडं चिकटून राहतंच. आणि त्या साहेबांची बोटं फार हुशार आहेत. थंडीत आपण गाडी कोरडी ठेवू.” बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणून हा माणूस गाडीला पाजायचा. त्या पाण्यावर तीन शर्यती धावला. तिन्ही वेळा सगळ्यात शेवटी.

पुढची शर्यत वसंतात होती आणि ती त्याची शेवटची होती, कारण पासष्टीनंतर तिथे उतरू देत नाहीत. त्याआधी डोळ्यांचा दाखला लागणार होता, म्हणून त्याने मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरांनी बजावलं की महिनाभर वाकायचं नाही. आणि नेमकी थंडी आली.

दादाचा फोन आला. “ठिणगी, गाडीतलं पाणी काढून टाकशील का? आज कडाका पडणार म्हणतात.”

मी हातातलं काम टाकून गेले. शेडमध्ये वाकून रेडिएटरचा खालचा नळ उघडला, पाणी बादलीत घेतलं. बोटं बधिर झाली होती आणि डोकं तापलं होतं. ऐकलं असतंस माझं, तर आज मला हे करावं लागलं नसतं! तेवढ्यात पुन्हा फोन.

“झालं का गं? हे बघ, अजून एक...”

“दादा, मला रेडिएटर शिकवू नकोस. बावीस वर्षं हेच करतेय मी!”

“तसं नाही गं, बाजूला एक...”

“कळतंय मला!” मी फोन ठेवून दिला. त्या रात्री घरातल्या नळाचं पाणीसुद्धा गोठलं.

थंडी सरली. दादाला दाखला मिळाला. शर्यतीला आठ दिवस होते तेव्हा त्याने मला बोलावलं, वहिनी चहा घेऊन आली, आणि दादाने जणू देवाला अभिषेक करतोय अशा हळुवार हाताने गाडीत पाणी ओतलं. रेडिएटर कोरडाठाक होता, माझं काम चोख होतं. पण पाणी खाली टपकायला लागलं. रेडिएटरखाली नाही, इंजिनाखाली.

दादाने हातातल्या बॅटरीचा उजेड मारला. इंजिनाच्या कुशीत वीतभर लांब चीर होती. तिच्या खालीच एक बोल्ट होता, धुळीने माखलेला, कोणी हात न लावलेला. इंजिनाच्या पोटातलं पाणी रेडिएटरच्या नळातून येत नाही, तो बोल्ट काढून सोडावं लागतं. माझ्याकडे रेडिएटर येतात ते सुटे येतात. इंजिन मी उभ्या जन्मात रिकामं केलं नव्हतं.

वहिनी म्हणाली, “अगंबाई, हे कसं झालं?”

“चुकलं माझं,” दादा म्हणाला. “हिला बोल्टाचं सांगायला विसरलो.”

विसरला नव्हता तो. त्याला माहीत होतं आणि मलाही. मी ओरडले, “अरे, शिव्या दे ना मला! एक थोबाडीत मार!” तो म्हणाला, “चहा गार होतोय, घे.” तसं दुसरं इंजिन शोधायला मी आठ दिवस भंगारवाल्यांचे उंबरठे झिजवले. मिळालं नाही.

शर्यतीच्या दिवशी आम्ही बघायला गेलो. येताना माझी गाडी दादा चालवत होता, चाळीसने. बाजूने फटाफट सगळे पुढे जात होते. मग रस्ता अरुंद झाला आणि आमच्यापुढे एक कचऱ्याची गाडी आली, लडखडत, वीसच्या वेगाने. समोरून कोणीच येत नव्हतं.

“दादा, काढ ना पुढे,” मी म्हणाले. “काढ रे. एवढी एक तरी काढ.”

त्याने नव्या डोळ्यांनी रस्त्याकडे बघितलं.

“मधली रेघ सलग आहे गं, ओलांडायची नसते,” तो म्हणाला. “आता मला नीट दिसते.”

आणि आम्ही घर येईपर्यंत त्या कचऱ्याच्या गाडीमागे राहिलो.